उत्तर कोकणातील मिठागरे : बंदिस्ती, कसणूक आणि कायदा

मिठाचा इतिहास बहुधा कराचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. त्याचे कारण उघड आहे. मिठासंबंधीचे जे कागद टिकून राहिले ते मुख्यतः वसुली करणाऱ्यांनी लिहिलेले आहेत, आणि १९३० च्या सत्याग्रहाने त्या कराला जो राजकीय अर्थ प्राप्त करून दिला त्याच्या प्रकाशात मागील सर्व काळ पाहण्याची सवय अभ्यासकांना जडली. परिणाम असा झाला की, मीठ ज्या जमिनीत पिकते ती जमीन कशी घडते, ती कोण कसतो आणि तिच्यावर कोणाचा कोणता हक्क चालत आला, हे प्रश्न मागे पडले. ठाणे जिल्हा, मुंबईची उपनगरे आणि पूर्वीचा कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड जिल्हा, ह्या पट्ट्यातील खाड्यांच्या काठची मिठागरे ह्या दृष्टीने पाहिली असता असे दिसते की, मिठागर हा प्रथमतः खारजमिनीचाच एक प्रकार होय. भातखाचर आणि मिठागर ही एकाच बंदिस्तीची दोन रूपे होत. एकोणिसाव्या शतकातील मीठविषयक कायद्याने ह्या दोहोंत भिंत घातली. कर १९४७ साली रद्द झाला, परंतु ती भिंत राहिली.

प्रथम शब्दाचा विचार करणे योग्य होईल. 'आगर' हा शब्द संस्कृत 'आकर' ह्यापासून आला असून त्याचा मूळ अर्थ खाण, उत्पत्तिस्थान असा आहे. दक्षिण कोकणात आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. उत्तर कोकणात आगर म्हटले की मिठाचे आगर प्रथम ध्यानात येते. दोन अर्थ दूरचे वाटतात खरे, परंतु दोन्ही ठिकाणी मनुष्याने कुंपण वा बांध घालून, सतत राबून उत्पन्नास आणलेली जागा असाच भाव आहे. आगरी ह्या ज्ञातिनामाचा संबंध ह्याच शब्दाशी जोडला जातो, आणि उत्तर कोकणातील आगरी समाज शेती, मासेमारी व मीठ ह्या तिन्ही व्यवसायांत पिढ्यान्पिढ्या राहिलेला आहे. मुंबई परिसरातील स्थलनामेही बोलकी आहेत. ठाण्याचे मीठबंदर आणि मालाडची मीठचौकी ही नावे आजही प्रचारात असून त्यांपैकी एक व्यापाराचे व दुसरे पहाऱ्याचे स्मरण देते.

खाडीकाठचा जो चिखलाचा प्रदेश भरतीच्या पाण्याखाली जातो व ओहोटीला उघडा पडतो त्यास खाजण म्हणतात. तिवर, चिपी अशा झाडांनी तो व्यापलेला असतो. ह्या जमिनीचा उपयोग करावयाचा तर समुद्राला अडविले पाहिजे. त्यासाठी खाडीच्या बाजूने मातीचा मोठा बांध घालतात व त्यात पाणी आत घेण्याची आणि बाहेर सोडण्याची सोय म्हणून लाकडी झडपेची उघाडी बसवितात. बांध एकदा घालून भागत नाही. खेकडे त्यात बिळे करतात, पावसाळ्यात वरची माती वाहून जाते, आणि पावसाळी उधाणात एखादी खांड पडली तर एका रात्रीत शेकडो एकर जमीन खारी होते. म्हणून बंदिस्तीची निगा हे एका कुळाचे काम कधीच नव्हते. पेण-नागोठणे भागात ह्याच गरजेतून शिलोत्री पद्धती रूढ झाली. ज्याने आपल्या खर्चाने बांध घालून जमीन समुद्रातून काढली तो शिलोत्रीदार. त्याने बाहेरचा बांध सांभाळावा आणि त्याबद्दल कुळाकडून सरकारी धाऱ्याव्यतिरिक्त धान्य घ्यावे, असा हा व्यवहार होता. हक्काचा पाया बांधाच्या देखभालीत आहे, ही कल्पना ह्या पद्धतीच्या मुळाशी होती. गोव्यातील खाजणांत हेच काम गावकरीच्या संस्थेने केले. तेथे बांध व मानशी, म्हणजे उघाड्या, गावाच्या सामाईक देखरेखीखाली असत आणि मानशीच्या तोंडाशी मासे धरण्याचा हक्क लिलावाने देऊन उत्पन्न काढले जाई. उत्तरेत व्यक्ती, दक्षिणेत गाव, हा भेद महत्त्वाचा आहे. तथापि दोन्हीकडे बांध आधी आणि पीक मागून, हा क्रम एकच.

बांधाच्या आत जी जमीन मिळाली तिच्या उंचसखलपणावर आणि मातीच्या जातीवर पुढील उपयोग ठरे. जेथे पावसाच्या गोड्या पाण्याने क्षार धुतला जाई तेथे दोन-चार वर्षांनी भात येऊ लागे; काळा राता, भुरा राता ह्या लाल तांदळाच्या जाती खारेपणा सोसणाऱ्या म्हणून प्रसिद्ध आहेत. जेथे माती चिकण, घट्ट व पाणी न मुरू देणारी आणि जागा खाडीला लागून सखल, तेथे आगर बांधले जाई. एकच कुटुंब पावसाळ्यात भात लावी, हिवाळ्याच्या अखेरीपासून आगरात उतरे आणि मधल्या दिवसांत खाडीत जाळे टाकी. महसुली दप्तरांत ह्या तीन धंद्यांची खाती वेगळी असली तरी राबणारे हात तेच होते.

आगराची रचना वरवर साधी दिसते. तिच्यात पिढ्यांचे ज्ञान साठलेले आहे. पावसाळा सरल्यावर साचलेले पाणी काढून टाकतात, बांध डागडुजी करून घेतात व तळ साफ करतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती आली की उघाडीतून पाणी मोठ्या साठवणीत घेतात. भांगाच्या भरतीचे पाणी तेवढे चढत नाही, म्हणून पंधरवड्यातून हे थोडेच दिवस हाती असतात आणि आगराचे सारे वेळापत्रक चंद्रावर चालते. साठवणीतून पाणी तापवणीत जाते. तेथे ते उथळ पसरून उन्हाने तापते व आटते. मग एकीतून दुसरीत असे पुढे सरकत अखेर ते लहान, सपाट, चौकोनी वाफ्यांत पोचते. ह्या शेवटच्या वाफ्यांचा तळ हाच आगराचा प्राण होय. तो पाणी शिंपडून, पायांनी तुडवून, चोपून इतका कठीण करावा लागतो की फळी फिरविली असता माती सुटू नये. हे काम आठवडेच्या आठवडे चालते. त्या कामात कसूर झाली तर मीठ काळपट व मातकट उतरते.

ह्या क्रमामागील रसायन नीट समजून घेतल्यास आगरी मनुष्याच्या नजरेचे मोल कळते. समुद्राच्या एका घनमीटर पाण्यात सुमारे ३५ किलो क्षार असतात व त्यांपैकी खाण्याचे मीठ सुमारे २७ किलो. पाणी आटत जाताना प्रथम चुन्याचे क्षार, नंतर जिप्सम खाली बसते. मूळ आकारमानाच्या सुमारे एक दशांश उरल्यावर, बोमे मापाने २५ अंशांच्या आसपास, मिठाचे स्फटिक धरू लागतात. त्याच्या पुढे ३० अंशांच्या जवळ पाणी गेले की मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात मिसळू लागतात व मीठ ओलसर, कडवट होते. म्हणजे पाणी फार लवकर वाफ्यात घेतले तर जिप्सम मिठात येतो आणि फार उशिरापर्यंत ठेवले तर कडवटपणा येतो. तापवण्यांची मालिका पहिल्या दोषावर, आणि उरलेले कडू पाणी वेळेवर सोडून देणे हा दुसऱ्यावर उपाय आहे. हातात मापनयंत्र नसताना पाण्याच्या रंगावरून, बोटांना लागणाऱ्या चिकटपणावरून आणि पृष्ठभागावर धरणाऱ्या पातळ पापुद्र्यावरून हा निर्णय घेतला जाई.

स्फटिक धरल्यावर लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ वाफ्याच्या कडेला ओढून निथळत ठेवतात. निथळले की ते पाट्यांत भरून डोक्यावरून बांधावरील राशीकडे नेतात. ही वाहतूक बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला येई. राशी गवताने शाकारून ठेवीत. हंगामाचा मुख्य भर फाल्गुन ते वैशाख असा असतो आणि वळवाची एक जोरदार सर वाफ्यातील तयार मीठ पुन्हा पाण्यात मिळविते. शेतकरी ज्या पावसाची वाट पाहतो त्याचीच आगरात धास्ती असते, आणि एकाच घरात दोन्ही भावना नांदत, हे कोकणच्या खारपट्टीचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

आता राज्यसत्तेच्या हक्काकडे वळता येईल. मिठावरील राजाचा हक्क ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कारण राष्ट्रीय चळवळीच्या प्रचारात ह्याविषयी काहीसा भोळा समज पसरला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लवणाध्यक्ष हा अधिकारी असून बाहेरून आलेल्या मिठाचा सहावा भाग राजाला द्यावा, असे विधान आहे. अनुज्ञेशिवाय मिठावर उपजीविका करणाऱ्यास दंड सांगितला आहे आणि वानप्रस्थांना त्यातून सूट आहे. श्रोत्रिय, तपस्वी व वेठीचे मजूर ह्यांनी खाण्यापुरते मीठ न्यावे, अशीही तरतूद आहे. नाशिकच्या लेण्यांतील गौतमीपुत्र सातकर्णीच्या दानलेखात भिक्षूंना दिलेल्या जमिनीच्या सवलतींमध्ये 'अलोणखादक' हा शब्द येतो. ह्या जमिनीत राजाच्या वतीने मिठासाठी खणू नये, असा त्याचा अर्थ लावला जातो. सूट द्यावी लागली, अर्थी एरवी हक्क होता. तेव्हा सातवाहनकाळापासून मीठ हे राजहक्काच्या कक्षेत होते, ह्यात शंका नाही.

परंतु हक्क असणे आणि तो कोठे उभा राहून बजावला जातो, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. शिवकालातील एक पत्र ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. १६७१ साली कुडाळचा सुभेदार नरहरी आनंदराव ह्यास शिवाजी महाराजांनी पाठविलेल्या आज्ञेचा विषय मीठ हा आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातील मीठ स्वस्त पडत असल्याने व्यापारी तिकडे वळतात आणि संगमेश्वराकडील मीठ पडून राहते; तेव्हा बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी की ते स्वराज्यातील मिठाहून महाग पडावे, असा तिचा आशय आहे. संरक्षक जकातीचे उदाहरण म्हणून हे पत्र प्रसिद्ध आहे व ते योग्यच होय. येथे त्यातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. सत्ता येथे घाटाखालच्या नाक्यावर उभी आहे. आगरात किती पिकवावे, कोणी पिकवावे, कोणते आगर चालावे व कोणते मोडावे, ह्याविषयी त्या आज्ञेचा रोख नाही. उलट आपल्या मुलखातील आगरे चालावीत ह्यासाठीच ती काढली आहे. हे मीठ पुढे लमाणांच्या तांड्यांनी बैलांवर लादून घाट चढे आणि परतीच्या खेपेस देशावरील धान्य खाली येई. मिठाचा हिशेब वाटेवर होत असल्याने वाट हीच वसुलीची जागा होती.

इंग्रजी अमलात प्रथम काही वर्षे जुनी मिश्र व्यवस्था चालू राहिली. १८३७ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात उत्पादनावर दर मणास आठ आणे अबकारी बसली, आणि येथे खरे परिवर्तन घडले. १८४४ साली हा कर एक रुपया करण्यात आला तेव्हा सुरतेस दंगा उसळला व सरकारने तो बारा आण्यांवर आणला. त्यानंतर मात्र चढती कमान होती. १८६९ साली एक रुपया तेरा आणे, आणि १८७८ मध्ये देशभर दर सारखे करण्याच्या धोरणात दोन रुपये आठ आणे. चाळीस वर्षांत पाचपट झालेला हा कर मणभर मिठाच्या उत्पादनखर्चाच्या कितीतरी पट होता.

कराचे हे प्रमाण ध्यानात घेतले म्हणजे पुढील कायद्यांचे स्वरूप कळते. मालापेक्षा त्यावरील कर अनेकपट मोठा झाला की चोरटा माल हाच किफायतशीर धंदा ठरतो. आणि मीठ तर भरतीच्या पाण्याने कोठेही, कोणालाही मिळणारे. म्हणून सरकारला नाक्यावरून उठून बांधावर येऊन उभे राहणे भाग पडले. १८७३ चा आणि नंतर १८९० चा मुंबईचा मीठ कायदा ह्या स्थलांतराचे लेख आहेत. परवान्याशिवाय मीठ करणे हा गुन्हा झालाच. शिवाय खाजणात, खडकाच्या खळग्यांत आपोआप धरलेले मीठ वेचणेही परवान्याच्या कक्षेत आले. तयार रास सरकारी पहाऱ्यात गेली. ज्याने ती ओढली त्यासही कर भरल्यावाचून तीतून मूठभर उचलण्याची मुभा राहिली नाही. कौटिल्याने वेठीच्या मजुरास जे खाण्यापुरते मीठ दिले होते, तेवढेही येथे उरले नाही.

पहाऱ्याला खर्च येतो आणि लहान, विखुरलेल्या आगरांवर तो परवडत नाही. साहजिकच कमी उत्पादनाची आगरे बंद करून मोठी, एकत्र असलेली तेवढी राखावी, असे धोरण ठरले. ह्याचा आघात दक्षिण कोकणातील लहान खाड्यांवर विशेष झाला. उत्तरेत ठाणे, उरण, पेण, पनवेल, भाईंदर येथील मोठी आगरे टिकली. त्याच सुमारास कच्छच्या लहान रणाच्या काठी खाराघोडा येथे सरकारी आगरे उभी राहिली. तेथील मीठ विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून होते, भरतीचा तेथे संबंध नाही, आणि ते आगगाडीने थेट आतल्या प्रदेशात जाऊ लागले. बोरघाटातून १८६३ मध्ये व कसारा घाटातून १८६५ मध्ये रेल्वे गेल्यावर लमाणांचा व्यापार आधीच खचत चालला होता. अशा रीतीने एकाच पिढीत कोकणच्या आगराचा गिऱ्हाईक, त्याची वाट आणि त्याचे स्वातंत्र्य ही तिन्ही बदलली.

गोव्याचा अनुभव ह्याहून तीव्र आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्यातील मीठ-उत्पादनाचे नियंत्रण बारा वर्षांसाठी ब्रिटिश हिंदुस्थानच्या हाती गेले व त्याबद्दल पोर्तुगीज सरकारास दरसाल चार लक्ष रुपये मिळू लागले. मोबदला सरकारला मिळाला. निर्बंध आगरांवर आले. १८९२ साली करार संपुष्टात आला, परंतु बारा वर्षे बांध न राखलेले आगर कागदावरील बंधन उठताच पुन्हा मीठ देऊ लागत नाही. कराची मुदत आणि बंदिस्तीचे आयुष्य ह्यांतील हा विसंवाद तत्कालीन मुत्सद्द्यांच्या ध्यानात आला असेल, असे वाटत नाही.

१९३० च्या घटनांची येथे विस्ताराने चर्चा करण्याचे कारण नाही. दांडीनंतर मुंबई बेटावरील वडाळ्याची आगरे व तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील शिरोडे ही महाराष्ट्रातील प्रमुख केंद्रे झाली. शिरोड्यास मे महिन्यात सत्याग्रह झाला आणि वडाळ्यावर १ जून रोजी हजारोंच्या जमावाने चाल केली. दोन्ही ठिकाणे मिठागरांचीच होती. तरी सत्याग्रहींमध्ये शहरांतील मध्यमवर्गाचा भरणा मोठा होता आणि त्यांच्या दृष्टीने मीठ हे अन्यायाचे प्रतीक होते. आगरात राबणाऱ्यांचे प्रश्न, म्हणजे परवाना, मजुरी आणि बंदिस्तीचा खर्च, त्या प्रतीकात पूर्णपणे सामावले नाहीत. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारातील मिठासंबंधीचे कलम मात्र लक्षणीय आहे. जेथे मीठ होऊ शकते अशा भागांतील गावकऱ्यांना घरगुती वापरासाठी व गावातल्या गावात विकण्यासाठी मीठ गोळा करण्याची वा बनविण्याची मुभा त्याने दिली. गावाबाहेर विक्रीस मनाई राहिली. कायदा रद्द झाला नाही म्हणून अनेकांनी ह्या कलमाला तुच्छ लेखले. तथापि खाजणाकाठच्या मनुष्याचा आपल्या खाजणावर काही सहज हक्क आहे, हे १८९० च्या कायद्याने नाकारलेले तत्त्व सरकारने येथे प्रथमच मान्य केले, हे विसरता येत नाही.

१९४७ साली मीठकर रद्द झाला. पुढील वर्षी, १९४८ मध्ये, मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला आणि भातखाचरांच्या बंदिस्तीची जबाबदारी सार्वजनिक यंत्रणेकडे येऊ लागली; १९७९ चा महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा हे त्याचेच पुढील पाऊल. मिठागरे मात्र केंद्राच्या मीठ-आयुक्तांच्या कक्षेत राहिली. एकाच खाडीच्या काठावरील, एकाच उधाणाला तोंड देणारे दोन बांध अशा रीतीने दोन सरकारांत विभागले गेले. शिलोत्रीदाराला हा प्रकार चमत्कारिक वाटला असता. आर्थिक बाजूने पाहता कोकणच्या मिठाला गुजरातच्या मिठाशी टक्कर देणे उत्तरोत्तर कठीण झाले; देशातील तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ आज गुजरातेत होते. गलगंडाच्या प्रतिबंधासाठी आयोडीनरहित मिठाच्या खाद्य म्हणून विक्रीवर २००६ मध्ये देशव्यापी बंदी आली. आरोग्याच्या दृष्टीने ती समर्थनीयच आहे. परंतु आगराच्या बांधावरून थेट विकल्या जाणाऱ्या जाड्या मिठाचे खाण्याचे गिऱ्हाईक तिने काढून घेतले. आगरी कुटुंबे अन्य व्यवसायांकडे वळली आणि उरलेल्या आगरांत पालघर-डहाणूकडील आदिवासी मजूर दिसू लागले.

मुंबईतील आगरांचे पुढे काय झाले हे अलीकडील घटनांवरून कळते. कांजूरमार्ग येथील मिठागराची म्हणून नोंदलेली १०२ एकर जमीन मेट्रोच्या कारशेडसाठी देण्यावरून २०२० मध्ये केंद्र व राज्य न्यायालयात समोरासमोर आले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने हस्तांतरणास स्थगिती दिली. २०२४ साली कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने केला. ह्या वादांत जमीन कोणत्या सरकारची, हा प्रश्न पुढे असतो. बांध कोणी राखला, ह्याची कोणी विचारपूस करीत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यानंतर ह्या सखल जागा पावसाचे व भरतीचे पाणी साठवून शहराचा ताण हलका करतात, हे अभ्यासक सांगू लागले. आगरी मनुष्याला ते सांगण्याची आवश्यकता नव्हती. पावसाळ्यात आगर पाण्याखाली जाते हे तो गृहीत धरूनच चालत आला आहे.

रायगडच्या बाजूस चित्र निराळे आहे. तेथे सोडून दिलेल्या आगरांच्या व खाचरांच्या बांधाला खांड पडली की उधाणाबरोबर तिवराचे बी आत येते आणि काही वर्षांत रोपे उभी राहतात. कांदळवनाच्या तोडीस उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली, ती आजही अमलात आहे. पेण-अलिबागकडील खारपट्टीत, पडलेला बांध दुरुस्त करून बापजाद्यांची जमीन पुन्हा कसू पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्यामुळे प्रथम ती जमीन वन आहे की खाचर, ह्या प्रश्नाचे उत्तर सरकारी कचेरीत द्यावे लागते.